गुदाशयाचा पुढे गेलेला कर्करोग : आधी औषध, मग शस्त्रक्रिया
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या मंडळींच्या वतीने आम्ही येथे उभे आहोत. आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा समजला जात नाही. छातीत दुखले तर माणूस लगेच सांगतो. शौचाच्या जागेतून रक्त पडले तर सहा महिने बायकोलाही सांगत नाही. या न सांगण्यानेच पुष्कळ माणसे दगावतात. म्हणून आज आम्ही आडपडदा न ठेवता बोलणार आहोत, आणि आपणही तसेच ऐकावे अशी विनंती आहे.

मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. काही जण याला मलाशयही म्हणतात. बाहेर पडण्यापूर्वी मळ येथे साठतो. ही जागा कंबरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत आहे. पुढच्या बाजूला मूत्राशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय, पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी, मागे माकडहाड, आणि आजूबाजूला लघवी व लैंगिक कार्य सांभाळणाऱ्या नाजूक नसा. जागा एवढी अडचणीची असल्यामुळे येथील गाठ काढणे हे पोटातील इतर गाठी काढण्यापेक्षा कठीण काम आहे. आज सांगायच्या बहुतेक गोष्टी या एका अडचणीतून निघतात.

या रोगाची लक्षणे साधी असतात, म्हणूनच फसवी असतात. शौचावाटे रक्त किंवा चिकट आव पडणे, शौचाची सवय बदलणे, पुन्हा पुन्हा जाऊनही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, वजन घटणे, रक्त कमी होऊन दम लागणे. आपल्याकडे रक्त पडले की मूळव्याध, असा निकाल घरीच लागतो. मग सुरण खा, ताक प्या, कुठल्या तरी वैदूची पुडी घ्या, असे सुरू होते. मूळव्याध असणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि रक्त पडणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो, हे खरे आहे. परंतु मूळव्याध आहे हे तपासून ठरले पाहिजे, समजुतीने नव्हे. गुदाशयातील कितीतरी गाठी डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटालाच लागतात. या तपासणीला एक मिनिट लागते आणि कोणतेही यंत्र लागत नाही. म्हणून दोन-तीन आठवडे रक्त पडत असेल तर ही तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी सुचवली नाही तर आपण होऊन मागा. वय कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्या देशात हा रोग तरुण वयात होण्याचे प्रमाण अधिक दिसते, आणि त्यांतील काही गाठी जास्त आक्रमक जातीच्या असतात.

आता ‘पुढे गेलेला’ या शब्दाचा अर्थ पाहू. हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. परंतु पुढे गेलेला म्हणजे अखेरचा नव्हे. गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेर आली असेल किंवा जवळच्या लसीका ग्रंथींत पोचली असेल, पण यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत गेली नसेल, तर आम्ही तिला त्या जागी पुढे गेलेला कर्करोग म्हणतो. असा रुग्ण बरा होऊ शकतो. आजचे व्याख्यान या रुग्णांविषयी आहे.

शंभर वर्षांपूर्वी परिस्थिती फार वाईट होती. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा फक्त खालच्या बाजूने गुदाशय काढलेल्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांना रोग पुन्हा झाला होता. त्यांनी १९०८ साली पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी करण्याची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात गुदद्वार कायमचे बंद करून पोटावर शौचाची वाट काढावी लागे. रुग्ण वाचू लागले, पण पोटावरची पिशवी आयुष्यभराची झाली. पुढची मोठी सुधारणा इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी केली. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते आणि त्यात लसीका ग्रंथी असतात. हे वेष्टन अखंड, न फाडता काढले तर रोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण खूप घटते, हे त्यांनी १९८२ पासून दाखवून दिले. आज जगभर हीच पद्धत मान्य आहे.

शस्त्रक्रियेच्या जोडीला किरणोपचार आले. आपले लोक याला शेक देणे किंवा लाईट देणे म्हणतात. स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी ५ दिवस किरणोपचार देऊन पाहिले. १९९७ साली आलेल्या निष्कर्षानुसार रोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. त्यानंतर २००४ साली जर्मनीतील अभ्यासाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. किरणोपचार व त्यासोबतची औषधे शस्त्रक्रियेनंतर देण्याऐवजी आधी दिली, तर त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण १३ टक्क्यांऐवजी ६ टक्के राहते. तेव्हापासून ‘आधी किरणोपचार, मग शस्त्रक्रिया’ हा रिवाज पडला.

येथे विद्यार्थी मित्रांनी एक प्रश्न विचारावा. त्या जागी रोग परतणे एवढे कमी झाले, मग रुग्ण का दगावत होते? उत्तर असे की रोगाने लढाईची जागा बदलली होती. गाठ दिसायच्या आधीच तिच्या काही पेशी रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसलेल्या असतात. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. कंबरेवर दिलेला शेक त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि शल्यविशारदाची सुरीही पोचत नाही. तेथे पोचते ते फक्त रक्तातून फिरणारे औषध, म्हणजे केमोथेरपी. पूर्वी हे औषध शेवटी देत असत. पण मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस अशक्त असतो, जखम भरायला वेळ लागतो, कधी पू होतो. त्यामुळे कित्येकांचे औषध लांबते, कित्येकांचे अर्ध्यावर सुटते. जे औषध जीव वाचवणार तेच उशिरा आणि अपुरे मिळत होते. म्हणून डॉक्टरांनी क्रम फिरवला : रुग्णाच्या अंगात ताकद आहे तोवर औषध आधी द्यावे.

याचे दोन प्रकार आज प्रचारात आहेत. पहिला प्रकार जास्त पसरलेल्या गाठींसाठी आहे. यात किरणोपचार आणि पूर्ण केमोथेरपी, दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वी देतात. ‘रॅपिडो’ या नावाच्या अभ्यासात ५ दिवस किरणोपचार, मग सुमारे साडेचार महिने केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम होता. त्याचे निष्कर्ष २०२० साली आले. तीन वर्षांत उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण ३०.४ टक्क्यांवरून २३.७ टक्क्यांवर आले. काढलेल्या आतड्यात कर्करोगाची एकही पेशी न सापडणारे रुग्ण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेले. फ्रान्समधील ‘प्रोडीज २३’ या अभ्यासातही अशीच सुधारणा दिसली. मात्र पुढे पाच वर्षांच्या पाहणीत रॅपिडोच्या नव्या पद्धतीत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर जुन्या पद्धतीत ६ टक्के आढळले. म्हणजे कोणतीही पद्धत सर्व बाजूंनी सरस नसते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार म्हणजे फक्त केमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया. किरणोपचाराने गाठ आटोक्यात येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. तरुण स्त्रीच्या बीजांडांचे काम थांबते, पाळी जाते, मूल होण्याची शक्यता संपते. पुरुषांच्या लैंगिक शक्तीवर परिणाम होतो. शौचावरचा ताबा कमी होऊ शकतो. मग ज्यांना शेकाशिवाय चालेल त्यांना तो का द्यावा, असा प्रश्न निघाला. ‘प्रॉस्पेक्ट’ या अभ्यासात अमेरिका, कॅनडा व स्वित्झर्लंड येथील ११२८ रुग्णांवर उपचार झाले. एका गटाला नेहमीप्रमाणे साडेपाच आठवडे किरणोपचार व औषध दिले. दुसऱ्या गटाला फ्लुरोयुरासिल, ल्युकोव्होरिन व ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांचे, दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे ६ डोस दिले. नंतर गाठ पुन्हा तपासली. ती किमान २० टक्के आकसली असेल तर सरळ शस्त्रक्रिया. नसेल तर त्यांना किरणोपचार. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षे रोगमुक्त राहिलेले रुग्ण केमोच्या गटात ८०.८ टक्के, किरणोपचाराच्या गटात ७८.६ टक्के. त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे २ टक्क्यांच्या आत. केमोच्या गटातील फक्त ९ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार द्यावे लागले. उपचार चालू असताना केमोच्या गटाला त्रास अधिक झाला, हे खरे. पण शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाने त्यांच्यात थकवा कमी होता आणि लैंगिक आरोग्य अधिक चांगले होते.

हे आकडे ऐकून कोणी घरी जाऊन ‘आम्हांला शेक नको’ असे सांगू नये. या अभ्यासात निवडक रुग्ण होते. त्यांची गाठ शेजारच्या अवयवात घुसलेली नव्हती, गुदद्वार वाचवता येईल इतकी ती वर होती, आणि कापण्याची कड मोकळी मिळेल असे एमआरआयमध्ये दिसत होते. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण याहून उशिरा, याहून खालच्या आणि याहून मोठ्या गाठी घेऊन येतात. त्यांना किरणोपचार लागतातच. कोणाला काय द्यावे हे चांगला एमआरआय पाहून शल्यविशारद, औषधांचे तज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि क्ष-किरण तज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. रुग्णाच्या नातेवाइकांनी एकच प्रश्न जरूर विचारावा : ‘आमच्या माणसाचा निर्णय सगळ्या तज्ज्ञांनी मिळून घेतला आहे काय?’ ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांनी उपचाराच्या आधीच तसे सांगावे. नंतर सांगून उपयोग होत नाही. बायोप्सीच्या तुकड्यावर आणखी एक तपासणी करून घ्यावी. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांच्या गाठीत पेशीची दुरुस्तीव्यवस्था बिघडलेली असते. अशा रुग्णांना प्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधे विलक्षण लागू पडतात, हे २०२२ साली दिसून आले. औषधे महाग आहेत, पण आपला रुग्ण त्या गटात आहे की नाही हे माहीत असणे आवश्यक आहे.

केमोथेरपी चालू असताना घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. ऑक्झॅलिप्लॅटिन दिल्यावर काही दिवस थंड वस्तू सोसत नाही. हातापायांना मुंग्या येतात, घशात आवळल्यासारखे होते. म्हणून माठातले व फ्रिजमधले पाणी नको, कोमट पाणी द्यावे आणि भांडीही गार पाण्यात घासायला लावू नयेत. मुंग्या जात नसतील, बटण लावता येत नसेल, तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगावे. तोंड आले, जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी चालू ठेवून रुग्णालयात कळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. घरात थर्मामीटर असावा. अन्नाविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. भाकरी, डाळ, अंडी, मासे, शिजवलेले मांस, जे पचेल आणि परवडेल ते पोटभर खावे. उपास करून कर्करोग मरत नाही, रुग्ण मात्र खचतो.

आता आजच्या व्याख्यानातील सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. तीन-चार डोस झाले की रक्त पडणे थांबते, भूक लागते, वजन वाढते. गाठ आकसलेली असते. आणि नेमक्या याच वेळी घरात विचार सुरू होतो की आता बरे वाटते आहे, मग ऑपरेशन कशाला? त्यात पिशवीची भीती. मराठवाड्यातले एक गृहस्थ आम्हांला आठवतात. कारखान्यात फिटर, वय पन्नाशीच्या आत. औषधाने चार किलो वजन वाढले. शस्त्रक्रियेची तारीख दिली, तर ते आलेच नाहीत. गावाकडे कोणीतरी ‘सुरी लागली की रोग पसरतो’ असे सांगितले होते. आठ महिन्यांनी ते आतडे तुंबून, पोट फुगलेल्या अवस्थेत परत आले. ज्या पिशवीला भिऊन ते गेले होते ती तर मध्यरात्री, घाईत लावावी लागली. आणि रोग यकृतात पोचल्यामुळे बरे करण्याची वेळ निघून गेली होती. त्यांच्या पत्नीने आम्हांला विचारले, ‘डॉक्टरसाहेब, त्यांना बरं वाटत होतं ते खोटं होतं का?’ ते खोटे नव्हते. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. औषधाने गाठ लहान होते. बहुतेकांच्या बाबतीत उरलेला रोग काढावाच लागतो. सुरी लागून रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे.

काही जण वाचतात की आता शस्त्रक्रियेशिवायही माणसे बरी होतात. ते अगदीच खोटे नाही. ब्राझीलमधील साव पाउलो येथील अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ साली दाखवले की किरणोपचार व औषधानंतर ज्यांची गाठ पूर्ण नाहीशी होते, अशा निवडक रुग्णांना शस्त्रक्रिया न करता देखरेखीखाली ठेवता येते. पण यात देखरेख हा कळीचा शब्द आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे दर थोड्या महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बिणीने तपासणी आणि एमआरआय चुकवून चालत नाही, कारण काहींची गाठ पुन्हा वाढते आणि ती वेळीच काढावी लागते. देखरेखीत राहणे हा उपचार आहे. घरी निघून जाणे हा उपचार नव्हे.

पिशवीविषयी दोन शब्द. पुष्कळ रुग्णांना पिशवी फक्त काही महिन्यांसाठी असते. आतून जोडलेले आतडे भरून येईपर्यंत मळाला वेगळी वाट दिलेली असते आणि नंतर लहान शस्त्रक्रियेने ती बंद करतात. वाट बंद केल्यावर सुरुवातीला दिवसातून अनेकदा शौचास जावे लागते. आहार, औषध आणि स्नायूंच्या व्यायामाने बहुतेकांचे हळूहळू बरे होते. गाठ अगदी गुदद्वाराजवळ असेल तर मात्र पिशवी कायमची असते. कायमची पिशवी घेऊन माणसे नोकरी करतात, शेती करतात, एस.टी.ने प्रवास करतात, लग्नाकार्यात बसतात. पिशवी नीट बसली तर वास येत नाही, आंघोळ करता येते. ती लावायला आणि साफ करायला रुग्णाने स्वतः शिकावे. रुग्णालयातील प्रशिक्षित परिचारिका हे शिकवतात. घरच्यांनी एवढेच करावे : त्या माणसाचे ताट वेगळे करू नये, अंथरूण वेगळे करू नये. हा रोग शिवाशिवीने होत नाही. माणसाला वेगळे बसवण्याचे दुःख काय असते हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही.

शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे तपासणीला यावे लागते. रक्तातील सीईए, सीटी स्कॅन, दुर्बिणीने तपासणी. रोग परतलाच तर तो लवकर सापडावा यासाठी हे असते. यकृतातील एखादी गाठ वेळेत सापडली तर तीही काढता येते आणि काही रुग्ण त्यानंतरही बरे होतात.

खर्चाचे काय, हा प्रश्न आपल्या मनात असणारच. महाराष्ट्रात २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार तिच्यात येतात. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. रुग्ण दाखल होण्यापूर्वीच त्यांना भेटावे आणि रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून गोरगरिबांवर उपचार करीत आले आहे. बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अशी माहिती वेळेवर मिळाली नाही म्हणून माणसे शेत विकतात, सावकाराकडे जातात.

आणि म्हणून मंडळाला आमची सूचना आहे. आपल्या वस्तीत असा रुग्ण असेल तर मंडळाने त्याच्यासाठी दोन कार्यकर्ते नेमावेत. एकाने कागदपत्रे सांभाळावीत आणि दुसऱ्याने तारखा. पुढचा डोस कधी, एमआरआय कधी, शस्त्रक्रिया कधी, हे एका वहीत लिहून ठेवावे. आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन बसावे. रुग्ण बहुधा त्या संध्याकाळीच मागे फिरतो. तेव्हा त्याला धीर देणारे माणूस हवे असते. असा उपचार पूर्ण केलेला एखादा माणूस ओळखीचा असेल तर त्यालाच सोबत न्यावे. आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचे बोलणे अधिक उपयोगी पडेल.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगतो. आज सांगितलेला प्रत्येक आकडा हजारो रुग्णांनी स्वतःहून अभ्यासात भाग घेतला म्हणून मिळाला आहे. कोणाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता मोजून पाहायचे, आणि मोजल्यावर जुनी पद्धत चुकीची ठरली तर ती सोडून द्यायची, या वृत्तीने हे शास्त्र पुढे गेले. आपल्यातून डॉक्टर व्हावेत, तसेच परिचारिका, तंत्रज्ञ आणि आकडेशास्त्राचे अभ्यासकही व्हावेत. या कामाला सगळे लागतात. आणि आज घरी गेल्यावर जेवताना आई-वडिलांना एक प्रश्न विचारा : ‘शौचावाटे कधी रक्त पडते का?’ विचारायला अवघड वाटेल. तरीही विचारा.